गुणवत्तेची वेळ : रात्री साडेदहा

ओपन सोर्सच्या जगात जात, धर्म, देश, प्रांत काही बघत नाहीत. बघतात फक्त कोड, असं म्हणतात. खरंच आहे ते. पुण्यातल्या पोराने पाठवलेली दुरुस्ती गाव-गोत्र न विचारता स्वीकारतात, आणि संचालक मंडळाच्या जागा भरताना त्याच पोराला गाव-गोत्र न विचारताच वगळतात. याला भेदभाव कसा म्हणणार?

नियमांना मात्र ही मंडळी पक्की. २०१८ साली पायथनचे जनक गिडो व्हान रॉसम यांनी सूत्रं सोडली आणि पुढच्या वर्षी पाच जणांची सुकाणू समिती आली. तिच्या घटनेत कलम आहे : एकाच कंपनीचे दोनपेक्षा जास्त सदस्य नकोत. ग्नोम फाउंडेशनच्या मंडळातही एका कंपनीला ४० टक्क्यांहून जास्त जागा घेता येत नाहीत. ही भीती रास्तच. पण उद्या पाचच्या पाच जण अटलांटिकच्या दोन काठांवरचे निघाले, तर घटनेला त्यात वावगं काही दिसायचं नाही. कंपनीने खुर्च्या धरल्या तर मक्तेदारी, खंडाने धरल्या तर गुणवत्ता.

ही गुणवत्ता दिसते कुठे? बैठकीत. कॅलिफोर्नियात सकाळचे नऊ वाजलेले असतात, कॉफी ताजी असते, अध्यक्ष सर्वांना ‘गुड मॉर्निंग’ म्हणतात. आपल्याकडे हिवाळ्यात तेव्हा रात्रीचे साडेदहा. मार्चमध्ये अमेरिका घड्याळं तासभर पुढे सारते आणि बैठक आपसूक साडेनऊवर येते, म्हणजे नेमकी पानावर. कॅमेरा बंद, माइक बंद, डाव्या हाताने ‘सहमत’ टाइप करायचं, उजवा वरणभातात. नोव्हेंबरात पुन्हा साडेदहा. यावर तोडगा म्हणून कुणीतरी ‘आशियाला सोयीची’ बैठक सुचवतं : आपल्या सकाळी आठ वाजता. तेव्हा तिकडे संध्याकाळ सरून जेवणाची वेळ झालेली असते, आणि जेवणाच्या वेळी लोकांना बैठकीला बसवणं अमानुष असल्यामुळे कोणी येत नाही. गणसंख्येअभावी सर्व विषय पुढच्या बैठकीवर. तिची वेळ, अर्थात, नऊ.

अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशनचे नऊ संचालक दरवर्षी सभासद निवडतात, आणि नवे सभासद कोण हे जुने सभासद ठरवतात. ओळख कामातून होते म्हणे. होतेही. उरलेली ओळख परिषदेतल्या चहाच्या रांगेत होते. ब्रुसेल्सला दर हिवाळ्यात भरणाऱ्या फॉसडेमचं औदार्य तर असं, की नोंदणी नाही, तिकीट नाही, कुणीही यावं. फक्त शेंगेन व्हिसा तेवढा काढायचा. खिडकीपलीकडचा साहेब विचारतो, ‘या कामाचे पैसे कोण देतं?’ ‘कोणी नाही, फुकट करतो.’ ‘आणि प्रवासखर्च?’ ‘स्वतःचा.’ इतकं संशयास्पद उत्तर खऱ्या घुसखोरानेही दिलं नसतं.

डेबियनवाले त्यातल्या त्यात बरे. २०२३ साली त्यांनी वार्षिक परिषद कोचीला घेतली, भारतात पहिल्यांदाच. आपल्या नागपूरच्या हिवाळी अधिवेशनासारखंच हे : लवाजमा येतो, पाहुणचार होतो, संत्री खाल्ली जातात आणि मंत्रालय मुंबईतच राहतं. शिवाय त्यांनी २०२० ते २०२४ अशी चार वर्षं दक्षिण आफ्रिकेच्या जोनाथन कार्टर यांना नेता म्हणून निवडलं. उत्तम! हिवाळ्यात केपटाउनचं घड्याळ ब्रुसेल्सच्या पुढे एक तास आणि उन्हाळ्यात अगदी बरोबर, हा निव्वळ योगायोग. २०२१ च्या निवडणुकीत त्यांच्यासमोर केरळच्या श्रुती चंद्रन उभ्या होत्या. त्यांचं घड्याळ साडेतीन तास पुढे होतं. एवढं पुढचं नेतृत्व मतदारांना झेपलं नसावं.

गर्दीत मात्र आपण पहिले येणार, याबद्दल वाद नाही. भारतातली डेव्हलपर-संख्या २०२७ पर्यंत अमेरिकेला मागे टाकेल, असं गिटहबने २०२३ साली सांगितलं. पुढच्या वर्षी २०२८ सांगितलं. तारीख अशी सरकली की आपल्याला घरच्यासारखं वाटतं. आणि सगळं खापर गोऱ्यांवर कशाला? इथल्या ज्या कंपन्यांचा डोलारा या फुकट कोडवर उभा आहे, त्यांच्या एचआरला आपल्या माणसाने एखाद्या समितीवर जाण्यासाठी आठवड्याचे दोन तास मागून तर बघावेत. ‘मूनलाइटिंग’वर चौकशी बसली नाही तर मिळवलं.

तरीही अधूनमधून एखादा मराठी माणूस निवडून येतोच. तो वीस वर्षं सिएटलला असतो, नऊची वेळ त्याला मानवते, आणि संस्थेच्या अहवालात आशियाचा रकाना भरतो. कोपरगावच्या चौकात त्याच्या अभिनंदनाचा फ्लेक्स लागतो. त्यावर त्याचा फोटो खाली डाव्या कोपऱ्यात, पासपोर्टच्या मापाचा. बाकी सगळा फ्लेक्स नगरसेवकाचा.