कंजूषाचे मालदीव

मालदीव हा एक देश आहे, याची आठवण मराठी मध्यमवर्गाला अधूनमधून करून द्यावी लागते. एरवी ती लग्नानंतरच्या फोटोंची एक जागा असते. निळे पाणी, पाण्यात खांबांवर उभी लाकडी खोली, तरंगत्या परडीतली न्याहारी आणि परडीमागे हसणारी दोन माणसे, ज्यांचे हप्ते पुढच्या महिन्यात सुरू होणार आहेत. या फोटोंच्या गर्दीत एखाद्याने सांगावे की आम्ही माफुशी नावाच्या बेटावर गेस्टहाउसमध्ये उतरलो, राजधानी मालेहून सरकारी फेरीने दोन-तीन डॉलरांत गेलो आणि सकाळी रोशीबरोबर मासहुनी, म्हणजे तिथल्या चपातीबरोबर टूना-खोबऱ्याची न्याहारी, खाल्ली, की ऐकणारे त्याच्याकडे कीव येऊन पाहतात. इतक्या लांब गेलात आणि मालदीव पाहिलेच नाही! या सदराचे म्हणणे नेमके उलटे आहे. मालदीवला जर कोणी जात असेल, तर तो हा कंजूषच. बाकीचे जातात ते भाड्याने दिलेल्या एका वाळूच्या पट्टीवर, आणि तिथून मालदीव विमानाच्या खिडकीतून दिसते तेवढेच.

पुरावा त्या देशाच्या इतिहासातच आहे. 1972 मध्ये तिथे पर्यटन सुरू झाले आणि लवकरच त्याचे एक सूत्र ठरून गेले: एक बेट, एक रिसॉर्ट. ज्या बेटावर माणसे राहत नाहीत ते पाहुण्यांना द्यायचे आणि ज्यावर राहतात त्याच्यापासून पाहुण्यांना लांब ठेवायचे. 1980च्या दशकात तर वस्तीच्या बेटांवर परदेशी पाहुणे ठेवायलाच बंदी आली. कारण उदात्त होते, संस्कृतिरक्षणाचे. परिणाम असा झाला की सुमारे बाराशे बेटांच्या या देशातल्या सामान्य माणसाला आपल्याच देशाच्या सर्वांत मोठ्या धंद्यात शिरायला एकच दार उरले, नोकराचे. स्वतःच्या घरातल्या दोन खोल्या भाड्याने देण्याची मुभा त्याला मिळाली ती मोहम्मद नाशीद अध्यक्ष झाल्यावर, 2009च्या सुमारास. याच नाशीद यांनी त्या वर्षी पाण्याखाली मंत्रिमंडळाची बैठक घेतली होती, म्हणून जगाला ते ठाऊक आहेत. गेस्टहाउसवाल्यांना ते दुसऱ्या कारणासाठी ठाऊक आहेत. पुढे सत्ता गेली आणि 2015 मध्ये त्यांना तुरुंगात टाकले. तो तुरुंग माफुशीवरचा. स्वस्त पर्यटनाची जी राजधानी त्यांच्या निर्णयामुळे उभी राहिली, तिथेच त्यांच्या मुक्कामाची सोय सरकारने मोफत केली. इतक्या कमी खर्चात माफुशी कोणत्याही प्रवाशाला जमलेले नाही.

कायद्याचीही तिथे बेटागणिक वेगळी वर्गवारी आहे. देश इस्लामी, दारू निषिद्ध. पण निषिद्ध कुठे? जिथे साठ डॉलरांची खोली मिळते तिथे. जिथे हजार डॉलरांची मिळते तिथे संध्याकाळी वाइनची यादी हातात येते, आणि धर्म बुडू नये म्हणून बारमागे उभा राहणारा माणूस परदेशातून आणलेला असतो. वस्तीच्या बेटावर पोहण्याचे कपडे घालायचे तर त्यासाठी आडोसा केलेला वेगळा किनारा. रिसॉर्टवर सगळे बेटच तसे. गेस्टहाउसच्या पाहुण्याला घसा ओला करायचा झाला, तर किनाऱ्यापासून लांब नांगर टाकून उभ्या असलेल्या बोटीवर जावे लागते. म्हणजे पाप जमिनीवर करायचे तर गडगंज पैसा हवा, मध्यमवर्गीयाने ते पाण्यावर करावे. आता यातल्या कोणत्या पाहुण्याने देशाचे नियम पाळले, याचे उत्तर सरळ आहे. शुक्रवारी फेरी बंद म्हणून जो अडकला, ज्याने अजानच्या वेळी दुकान बंद झालेले पाहिले आणि गुडघे झाकून गल्लीतून चालला, त्याने. श्रीमंत पाहुण्याच्या वाट्याला हे काहीच येत नाही, आणि त्याच 'काहीच नाही'चे तो पैसे मोजतो.

यावर सरकारांचा आवडता आक्षेप तयार असतो: आम्हाला गर्दी नको, दर्जेदार पर्यटक हवा. बालीपासून मालेपर्यंत हा शब्द हल्ली सगळीकडे ऐकू येतो. दर्जा म्हणजे काय, हे कोणी विचारत नाही. पाकीट पाहून तो ठरतो. करांच्या तक्त्यात मात्र तो स्पष्ट दिसतो. 1 जानेवारी 2025 पासून मालदीवने हरित कर दुप्पट केला: रिसॉर्टमध्ये माणशी रोज 12 डॉलर, छोट्या गेस्टहाउसमध्ये 6. वरवर पाहता गरिबाला निम्मी सवलत. पण समजा, दोघे जण साठ डॉलरांच्या खोलीत राहिले. त्यांचा कर 12 डॉलर, म्हणजे भाड्याचा पाचवा हिस्सा. बाराशे डॉलरांच्या व्हिलातल्या जोडप्याचा कर 24 डॉलर, म्हणजे शंभरातले दोन. निसर्गाची चिंता दहापट जास्त कोणाकडून वसूल होते, ते हिशेबाला बसल्यावर कळते. परतीच्या विमानाचेही तसेच. डिसेंबर 2024 पासून परदेशी प्रवाशाला देश सोडण्याचा कर साध्या वर्गात 50 डॉलर, पहिल्या वर्गात 240, खासगी विमानात 480. खासगी विमान ठेवणाऱ्याला 480 डॉलर हे विमानतळावरच्या वेटरला दिलेल्या टिपेसारखे. मुंबईहून स्वस्त तिकीट शोधून आलेल्याला 50 डॉलर म्हणजे एका रात्रीची खोली.

'पण कचरा?' असे पर्यावरणवादी विचारतील आणि त्यांचा प्रश्न खरा आहे. माफुशी जेमतेम सव्वा किलोमीटर लांब. तिथे हॉटेलांच्या इमारती एकमेकींना खेटून उभ्या आहेत आणि प्रत्येक पाहुण्यामागे बाटल्या, सांडपाणी, समुद्राचे पाणी गोडे करायला लागणारे डिझेल हे सगळे आलेच. स्वस्ताई निर्मळ असते असे इथे कोणाचेही म्हणणे नाही. फक्त हाच प्रश्न व्हिलापुढे विचारला तर काय होते ते पाहावे. चारी बाजूंनी समुद्र असलेल्या खोलीला वेगळा पोहण्याचा तलाव लागतो. त्यातले पाणीही यंत्रातूनच येते. सफरचंदापासून शॅम्पेनपर्यंत सगळे बाहेरच्या देशांतून येते आणि पाहुणा चारशे-पाचशे डॉलर मोजून समुद्री विमानाने येतो. मालेजवळचे थिलाफुशी हे बेट 1990च्या दशकापासून कचऱ्याच्या भरावावर वाढले. तिथे पोचलेल्या कचऱ्यावर गेस्टहाउस आणि रिसॉर्ट असा शिक्का नसतो. फरक एवढाच की गर्दी डोळ्यांना खुपते. उधळपट्टी माडांच्या मागे दडते आणि तिलाच आपण निवांतपणा म्हणतो.

कंजूष माणूस संत असतो, असेही समजू नये. तो स्नॉर्केलिंगच्या भाड्यात घासाघीस करतो, न्याहारीतली केळी पिशवीत टाकतो, चिवड्याचा डबा उघडून स्थानिक हॉटेलवाल्याची एक थाळी बुडवतो. त्याची नीतिमत्ता इथे मुद्द्याची नाही; त्याच्या खिशातून निघालेले दहा डॉलर कोणाच्या खिशात जातात, हा मुद्दा आहे. ते खोलीवाल्या कुटुंबाकडे, बोटवाल्याकडे, टूना पकडणाऱ्याकडे जातात. रिसॉर्टच्या बिलातला मोठा भाग परदेशी साखळीच्या मुख्यालयाकडे परततो, कधी कधी पाहुणा परतण्याच्या आधीच.

शेवटचा आक्षेप देशभक्तीचा. आपला पैसा तिकडे द्यायचाच कशाला? जानेवारी 2024 मध्ये पंतप्रधानांच्या लक्षद्वीपच्या फोटोंवर मालदीवच्या तीन उपमंत्र्यांनी तोंडसुख घेतले, ते निलंबित झाले आणि आपल्याकडे बहिष्काराची लाट आली. मालदीवचा सर्वांत स्वस्त प्रवास तो हाच: हरित कर नाही, विमानाचा कर नाही, पोटात मळमळ नाही, फक्त मोबाइलचा डेटा. त्याऐवजी लक्षद्वीपला जा, असे सांगण्यात आले. पण तिथे जायला प्रवेशपरवाना लागतो, कोचीहून जहाज नाही तर अगत्तीचे छोटे विमान पकडावे लागते आणि राहायला खोल्या मोजक्या. त्यामुळे तिकडेही बहुतेकांनी मनानेच प्रयाण केले. मालदीवला जाणाऱ्या भारतीयांची संख्या मात्र त्या वर्षी खरोखर घटली, आणि खोलीवाल्या कुटुंबाला उपमंत्र्याच्या जिभेची किंमत मोजावी लागली. पुढे जुलै 2025 मध्ये आपले पंतप्रधान मालदीवच्या स्वातंत्र्यदिनाला प्रमुख पाहुणे म्हणून गेले आणि 4,850 कोटी रुपयांच्या कर्जाची घोषणा करून आले. बहिष्कार संपला की नाही, हे बहिष्कारवाल्यांना कोणी कळवले नाही. त्यांनीही विचारले नाही. बहुतेकांकडे मुळात रद्द करायला तिकीटच नव्हते.