फाइल अयोग्य आहे, म्हणजे सापडत नाही

तालुक्याच्या पतसंस्थेत नवा संगणक आला की आधी त्याला हार घालतात, नारळ फोडतात आणि मग ‘यावर आपलं जुनंच चालू करा’ असं ठरतं. जुनं म्हणजे नव्वदच्या दशकात कुणीतरी फॉक्सप्रोमध्ये लिहून दिलेला डॉसचा हिशोब. कॅशिअर तो पडद्याकडे न बघता चालवतो.

मग क्लार्क जुन्या मशीनच्या डेस्कटॉपवरचं चित्र पेनड्राइव्हवर घेऊन येतो. ‘सगळं आणलंय, साहेब.’ सगळं म्हणजे जेमतेम एक-दोन केबी. इतक्या वर्षांच्या ठेवी एवढ्याशा जागेत मावल्या, याचं संचालकांपैकी कुणालाच नवल वाटत नाही. त्या शॉर्टकटमध्ये नुसता पत्ता असतो: प्रोग्रॅम कुठे आहे, कुठल्या फोल्डरमध्ये उभं राहून तो सुरू करायचा, मेमरी किती द्यायची. डॉससाठीच्या या फाइलचं आडनाव ‘पिफ’. सगळ्या फाइलींची आडनावं दाखव असं सांगितलं तरी विंडोज हे एक दाखवत नाही. सुरुवातीच्या फोल्डरचा रकाना चुकला, तर प्रोग्रॅम उघडतो खरा, पण परक्याच्या अंगणात उभा राहून आपलं खातं शोधतो.

विंडोज एक्सपीच्या काळी याहून थोर प्रकार होता. चित्रावर क्लिक केलं की संदेश यायचा: ‘ऑटोएक्झेक डॉट एनटी’ ही सिस्टिम फाइल डॉसचे प्रोग्रॅम चालवण्यास योग्य नाही. बहुतेक वेळा ती फाइल अयोग्य वगैरे काही नसायची, जागेवरच नसायची. आमच्याकडच्या कुठल्याही कचेरीत मुरलेल्या माणसाला हे लगेच उमगेल. कागद गहाळ झाला असं लेखी कोण देतं? ‘प्रकरण अपात्र’ असा शेरा मारला की काम भागतं. संदेशाखाली बटणं दोन, ‘बंद करा’ आणि ‘दुर्लक्ष करा’. कुठलंही दाबा, प्रोग्रॅम बंदच. यालाच पर्याय देणं म्हणतात. इलाज मात्र मिनिटभराचा: विंडोजच्याच ‘रिपेअर’ फोल्डरमध्ये त्या फाइलची प्रत पडलेली असे, ती ‘सिस्टिम३२’मध्ये नेऊन ठेवायची. म्हणजे प्रत त्याच इमारतीत, शेजारच्या खोलीत. अर्जदारानं स्वतः उचलून आणायची, एवढंच.

व्हिस्टापासून पूर्ण पडदा मिळेनासा झाला, ते सोडा. खरी अडचण ६४ बिटांची. त्या विंडोजमध्ये डॉस चालवणारा भागच ठेवलेला नाही आणि ६४ बिटांत चालणाऱ्या प्रोसेसरलाही ती जुनी रीत जमत नाही. विंडोज ११ तर ३२ बिटांत निघालंच नाही. आता शॉर्टकट कितीही दुरुस्त करा, संदेश एकच: हे या पीसीवर चालणार नाही, प्रकाशकाकडे चौकशी करा. प्रकाशक! लिहून देणाऱ्या त्या पोराचा पत्ता संस्थेच्या दप्तरात आहे, पण दप्तर त्या प्रोग्रॅममध्ये आहे.

अखेर कुणाचा तरी भाचा डॉसबॉक्स टाकून देतो. जुने गेम खेळता यावेत म्हणून बनवलेलं हे सॉफ्टवेअर संगणकाच्या आत एक खोटा जुना संगणक उभा करतं. निळा पडदा येतो, टाळ्या पडतात. विधवा, शेतकरी, निवृत्त शिक्षक अशा सगळ्यांच्या मुदत ठेवी आता गेमच्या खिडकीतून फिरतात. लेखापरीक्षकांनी त्यावर शेरा मारलेला नाही, कारण तसा रकाना नाही.

राहता राहिली सभासदांची नावं. ती मराठीत दिसावीत म्हणून त्या काळी पुण्याच्या सी-डॅकचं जिस्ट कार्ड बसवलेलं होतं. ते ज्या खाचेत बसे, ती खाच नव्या मदरबोर्डवर नाही. त्यामुळे नावांच्या जागी चौकटींचे तुकडे आणि मधूनच एखादं ग्रीक अक्षर येतं. चेअरमननी स्वतःचं नाव तसं पाहिलं आणि विचारलं, ‘कर्जाचा आकडा तरी बरोबर आहे ना?’ आकडा अगदी स्वच्छ दिसत होता. तेव्हापासून तोही दुरुस्त करून घ्या म्हणून ते क्लार्कच्या मागे लागले आहेत.