आठव्या नंबरचं कर्तव्य

26 जानेवारीला सोसायटीत झेंडावंदन झालं आणि झेंड्याखालीच चेअरमनसाहेबांनी आम्हा सगळ्या फ्लॅटधारकांना झापलं. विषय नेहमीचाच. "आपल्याला हक्क पाहिजेत, कर्तव्यं नकोत!" साहेबांचा आवाज मुळातच खणखणीत, त्यात हातात माइक. त्यामुळे शेजारच्या सोसायटीलाही तिची कर्तव्यं आपसूक कळली.

भाषण चालू असताना साहेबांची पांढरी गाडी नेहमीप्रमाणे गेटबाहेर फुटपाथवर उभी होती. ही टीका नाही, हा पत्ता आहे. कुरिअरवाल्याला आम्ही तसंच सांगतो, फुटपाथवर पांढरी गाडी दिसेल, तिथून आत या.

गाडीच्या पुढे खड्डा आहे. गेल्या पावसाळ्यातला. रस्ता त्याच्या महिनाभर आधी झाला होता, म्हणजे दोघं तसे एकाच वयाचे. गणपतीत खड्ड्यात खडी पडली, नवरात्रापर्यंत ती आमच्या गेटपर्यंत आली. दिवाळीत एक स्कूटरवाला पडल्यावर कुणीतरी कुठल्याशा झाडाची फांदी आणून खड्ड्यात खोचली. पुढच्यांना दिसावं म्हणून. तिला पालवी फुटली. वार्षिक अहवालात चेअरमननी ती वृक्षारोपणात धरली.

असल्या कामाला पूर्वी नगरसेवक असायचा. तो काम करायचा असं नाही, पण त्याच्यावर चिडता यायचं. मग मुदत संपली आणि प्रशासक आले. मुंबई-पुण्याच्या महापालिकांची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि पुढचं मतदान व्हायला जानेवारी 2026 उजाडलं. जवळजवळ चार वर्षं शहरांना निवडून दिलेलं सभागृह नव्हतं. त्या काळातही लोकांनी घरपट्टी भरली, पाणीपट्टी भरली. आपल्या मताच्या जागी प्रशासक बसतो. घरपट्टी मात्र आपल्यालाच भरावी लागते.

तर, लाडू-वेफर्स खाऊन घरी आलो आणि भाचीचं पाठ्यपुस्तक उघडलं. बालभारतीच्या पुस्तकात पहिल्या धड्याआधीच उद्देशिका, प्रतिज्ञा आणि नागरिकांची मूलभूत कर्तव्यं छापलेली असतात. त्यावर प्रश्न येत नाही, त्यामुळे पुस्तकात सगळ्यात कोरी राहणारी पानं तीच. आमच्या वेळी तर नागरिकशास्त्रच ऑप्शनला टाकायची पद्धत होती. आमच्या पिढीचं पुढे जे काही झालं ते त्या दहा-वीस मार्कांपायी, असं माझं मत आहे.

कर्तव्यं मोजली. अकरा. 1950 च्या मूळ घटनेत यातलं एकही नव्हतं. पहिली दहा आली 1976 मध्ये, बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीनं. सालाकडे जरा बघा. आणीबाणी चालू होती. विरोधी पुढारी तुरुंगात, वर्तमानपत्रांवर सेन्सॉर. विनाचौकशी डांबलेल्या माणसाला सुटकेसाठी कोर्टाकडे जाता येणार नाही, असा निकाल त्याच वर्षी एप्रिलमध्ये सुप्रीम कोर्टानं दिलेला. पाच न्यायमूर्तींपैकी एकटे एच. आर. खन्ना वेगळं बोलले. हक्कांच्या दुकानाचं शटर खाली होतं, तेव्हा सरकारनं शेजारी कर्तव्यांचा गाळा उघडला. स्वर्णसिंग समितीनं आठ कर्तव्यं सुचवली होती. घटनेत दहा आली. भाजीवरची कोथिंबीर म्हणा. समितीच्या यादीत कर भरणं हेही एक कर्तव्य होतं, ते मात्र घटनेत काही पोचलं नाही.

नंतर जनता सरकारनं बेचाळिसाव्या दुरुस्तीची बरीचशी शिवण उसवली. कर्तव्यांना हात लावला नाही. कुठल्याच सरकारला ती जड होत नाहीत. अकरावं 2002 मध्ये आलं, सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला शिक्षणाची संधी देण्याचं, तेही आईबापांच्या नावावर. मतदान करा, असं या अकरांत कुठेही नाही. मी दोनदा वाचलं.

आठव्यावर बोट अडलं. विज्ञाननिष्ठ दृष्टी, मानवता, शोधक बुद्धी आणि सुधारणेची वृत्ती वाढवावी. शोधक बुद्धी! म्हणजे चौकशा करणं. लहानपणी "नसत्या चौकशा करू नकोस" म्हणून वडिलांच्या हातचा मार खाल्ला, तेव्हा मी राष्ट्रीय कर्तव्य बजावत होतो.

लगेच कर्तव्याला लागलो. माहिती अधिकाराचा अर्ज, जोडपत्र 'अ', दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्द. महाराष्ट्रात माहिती मागणाऱ्याला शब्दमर्यादा आहे, झेंड्याखाली बोलणाऱ्याला नाही. मी विचारलं: रस्त्याचं काम कोणी केलं, खर्च किती झाला, दोषदायित्व कालावधी किती आणि तो संपायच्या आत ठेकेदाराकडून खड्डा का बुजवून घेतला नाही. दोषदायित्व हा शब्द फार सुंदर आहे. त्या मुदतीत रस्ता उखडला तर ठेकेदारानं स्वतःच्या खर्चानं दुरुस्त करायचा असतो. ठेकेदाराचंही काही कर्तव्य असू शकतं, हे तो शब्द वाचूनच मला कळलं.

अर्ज द्यायला राँग साइडनं गेलो. सरळ गेलं तर यू-टर्न दीड किलोमीटरवर आहे आणि खिडकी वेळेत गाठायची होती. कर्तव्यासाठी एवढं चालतं.

खिडकीतल्या बाईंनी अर्ज वाचला, माझ्याकडे बघितलं.

"कशाला पाहिजे ही माहिती?"

2005 च्या कायद्यानं अर्जदाराला कारण विचारता येत नाही. पण बाई वयानं मोठ्या होत्या, आणि आपल्यात मोठ्यांना कायदा सांगत नाहीत.

"कर्तव्य म्हणून," मी म्हणालो.

"म्हणजे ड्यूटीवर आलात? कुठलं खातं?"

"खातं नाही. नागरिक."

"मग बसा."

बसलो. पाऊण तासानं पोच मिळाली, शिक्का अर्धा उमटलेला.

संध्याकाळी चेअरमन घरी आले. हिनं चहा ठेवला. "तुम्ही अर्ज केलात म्हणे. अहो, आपसात सांगायचं ना. सोसायटीचं नाव येतं त्यात. उद्या खड्डा मोजायला माणसं आली की फुटपाथही मोजतील." मी म्हणालो, साहेब, परवा तुम्हीच तर म्हणालात, कर्तव्य करा. त्यावर ते बराच वेळ कपाकडे बघत बसले. "कर्तव्य म्हणजे," ते शेवटी म्हणाले, "कचरा वेगळा करणं वगैरे हो." आणि उठले. जाताना आमचा ओला डबा उघडून बघितला. त्यात दुधाची पिशवी होती.

एकोणतिसाव्या दिवशी उत्तर आलं. तिसाव्या दिवशी मुदत संपते, तेव्हा तत्परता मान्य केलीच पाहिजे. "आपल्या अर्जाच्या अनुषंगाने समक्ष स्थळपाहणी केली असता सदर ठिकाणी खड्डा आढळून आला नाही. तथापि सदर ठिकाणी झाड असल्याचे दिसून येते. सबब आपला अर्ज पुढील कार्यवाहीस्तव उद्यान विभागाकडे वर्ग करण्यात येत आहे." खाली सही, तीही झाडासारखीच, फांद्या फुटलेली.

पहिल्या अपिलाला तीस दिवस असतात. त्यातले अकरा गेले. वीस रुपयांचा स्टॅम्प आणून ठेवलाय. झाड तगरीचं आहे, हे परवा फूल आल्यावर कळलं.