बेटावर सायकलने कसं जावं : सोलापुरी नवशिक्यांसाठी

बेटावर सायकल चालवायची म्हटलं की लोक आधी मायोर्काचे व्हिडिओ बघतात. भूमध्य समुद्रातलं हे स्पॅनिश बेट म्हणजे युरोपातल्या सायकलवाल्यांची पंढरी. सोलापूरकरांनी त्या नादाला लागू नये. व्हिसा, विमान, रजा आणि समुद्र यांपैकी एकही गोष्ट आपल्याला वेळेवर मिळत नाही. शिवाय बेट घरचंच आहे. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी गावाला तळं दिलं. त्या तळ्यात सिद्धेश्वराचं देऊळ आहे आणि देवळापर्यंत जायला वाटही आहे. बेटाकडून आणखी काय हवं?

पुढच्या सूचना फक्त नवशिक्यांसाठी आहेत. पहिल्या पाळीचा भोंगा व्हायच्या आत सायकल हाणत मिलचं फाटक गाठलेल्या आजोबांच्या हाती हा कागद पडू देऊ नये.

पायरी १ : सायकल निवडणं

सायकली दोन. रोड बाइकचे टायर २५ ते २८ मिलिमीटर रुंद, हवा टणक, वजन कमी. डांबरावर ती सुसाट जाते. ग्रॅव्हल बाइकचे टायर ४० मिलिमीटरच्या आसपास, हवा त्याच्या निम्म्याहून कमी. मुरूम, खडी, बैलगाडीची चाकोरी, सगळं ती पचवते. दोन्ही घ्याव्यात, असं दुकानदाराचं प्रामाणिक मत असतं.

निर्णय होत नसेल तर एक सोपी चाचणी करावी. कुठल्याही पेठेतल्या रस्त्याच्या कडेला उभं राहून समोरची शंभर पावलं नीट बघावीत. आधी डांबर, मग पाइपासाठी खणलेला चर, चरावर माती, मातीवर खडी, खडीनंतर पेव्हर ब्लॉक आणि पुन्हा नवंकोरं डांबर. हा चर कुणी खणला, हे विचारू नये. खणणाऱ्यालाही ते ठाऊक असतंच असं नाही. तात्पर्य, सोलापुरात रोड बाइक घेतली तरी ग्रॅव्हल फुकट मिळतं.

आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने ग्रॅव्हलची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा २०२२ साली इटलीत भरवली. आपला दूधवाला ती त्याच्या कितीतरी आधीपासून रोज पहाटे जिंकतो, तेही दोन्ही बाजूंना भरलेल्या किटल्या लावून आणि थेंब न सांडता.

पायरी २ : शत्रू ओळखणं

सायकलच्या पुस्तकांत चढाचं आणि समोरच्या वाऱ्याचं भय घातलेलं असतं. सोलापूर सपाट आहे. इथला शत्रू खाली बघितल्याशिवाय दिसत नाही. त्याचं नाव सराटा.

सराटा जमिनीलगत पसरतो. पिवळी फुलं इतकी नाजूक की फोटो काढावासा वाटतो. फोटो काढावा, पण सायकल हातात धरून, उचलून. त्याचं फळ वाळलं की त्याचे पाच तुकडे होतात, आणि तुकडा कसाही पडला तरी एखादा काटा आभाळाकडे रोखलेलाच राहतो. सराट्यातून वाचलात तर वेडी बाभूळ वाट बघत असते. तिचा काटा टायरमधून ट्यूबमध्ये आणि ट्यूबमधून थेट महिन्याच्या हिशेबात शिरतो.

पंक्चरवाल्याकडे जायची वेळ येणारच, तेव्हा तयारीने जावं. तो ट्यूबमध्ये हवा मारून ती पाण्याच्या घमेल्यात दाबतो, बुडबुडे निघतात तिथे बोट ठेवतो, जागा घासतो, सोल्युशन लावतो, फुंकर घालतो आणि ठिगळ ठोकून बसवतो. अडचण हवा मारण्यापाशीच येते. तुमच्या महागड्या सायकलचा काडीसारखा व्हॉल्व्ह त्याच्या पंपाला बसत नाही. म्हणून छोटा पितळी अ‍ॅडाप्टर खिशात असावा. तो नसेल तर तोंडी परीक्षा लांबते.

“मालक, स्टँड कुठाय?”

“याला स्टँड नसतो.”

“मडगार्ड?”

“नसतं.”

“कॅरिअर बी नाही. मग घेतलाव कशाला?”

यावर ग्रॅम, कार्बन फायबर असले शब्द काढू नयेत. किंमत विचारली तर एक शून्य कमी करून सांगावी. तरीही “फसलाव की ओ” ऐकावं लागेल. ते मान खाली घालून ऐकावं आणि पैसे द्यावेत.

पायरी ३ : वेळ आणि शिदोरी

एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२ अंश सहज ओलांडतो. पहाटे निघावं आणि आठाच्या आत घराच्या सावलीत यावं. पावसाळ्यात निघायला हरकत नाही. पाऊस येईलच अशी भीती बाळगायचं कारण सोलापूरने क्वचितच दिलंय. बेत डिसेंबर-जानेवारीत आखला तर उत्तम.

एनर्जी जेल नावाची एक गोड लेई मिळते. ती घेऊ नये. जर्सीच्या मागच्या खिशात कडक भाकरी ठेवावी. हिसक्यांनी तिचा चुरा होईल, पण ती नाहीतरी चुरूनच खायची असते. शेंगाचटणीची पुडी मात्र दुहेरी बांधावी. तेल एकदा जर्सीला लागलं की ती जर्सी पुढे चटणीसाठीच राखून ठेवावी लागते.

पायरी ४ : मार्ग आखणं

नवशिक्यांची नेहमीची चूक म्हणजे थेट बेटावर जाणं. चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपासून निघालात तर पार्क चौक आणि होम मैदानाच्या अंगाने काही मिनिटांत तळं येतं. घाम येत नाही, फोटो होत नाही, घरचे विचारतात, “लगेच आलात?”

म्हणून आधी वळसा घालावा. वळसा आखायला मोबाइलची गरज नाही. सिद्धरामेश्वरांनी तो आधीच आखून दिलाय. गावाच्या चारी अंगांना त्यांनी ६८ लिंगं स्थापली. मकर संक्रांतीच्या गड्डा यात्रेत सात नंदीध्वज हिरेहब्बू वाड्यातून निघतात आणि या लिंगांची प्रदक्षिणा करतात. पांढऱ्या बाराबंदीतले मानकरी उंचच्या उंच काठी कमरेच्या पट्ट्यात रोवून, तोल सांभाळत चालतात. सकाळी निघालेल्या मिरवणुकीला परतायला रात्र होते. दुसऱ्या दिवशी संमती कट्ट्यावर अक्षता, कुंभारकन्येचा सिद्धेश्वरांच्या योगदंडाशी विवाह, मग होम मैदानावर होम. गिअर नाही, हेल्मेट नाही, पाण्याच्या बाटलीला ब्रॅकेट नाही. हा मार्ग सायकलवर करणाऱ्याने “कठीण होता” असं कुणाला सांगू नये. ऐकणाऱ्याने काठी धरलेली असण्याची दाट शक्यता असते.

सगळी ६८ एका सकाळी होणार नाहीत. आठ-दहा करावीत. पण ही आठ-दहा शोधताना पेठा, बोळ, मिलच्या चिमण्या, यंत्रमागांचा खडखडाट, एका गल्लीत तेलुगू, पुढच्या गल्लीत कन्नड आणि नाक्यावर आपलं मराठी असं सगळं चाकाखालून जातं. सिद्धेश्वराला गावाचा मध्य का म्हणतात, ते मधे उभं राहून कळत नाही. ते कडेकडेने फिरून कळतं.

वाटेत चार पुतळ्यांपाशी पाय टेकावा. १९३० साली सोलापुरात मार्शल लॉ लागला. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या चौघांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिली. तारीख गड्ड्याच्या तोंडावरची. इथे हेल्मेट काढावं. एवढी एक सूचना गमतीची नाही.

पायरी ५ : बेटावर पदार्पण

आता खरी मोहीम. सायकल बाहेर लावायची आहे आणि तिला स्टँड नाही, हे इथे आठवतं. भिंतीला टेकवावी, कुलूप घालावं आणि फुलवाल्या मावशींना “जरा लक्ष असू द्या” म्हणावं. त्या ठेवतात. हार मात्र त्यांच्याकडूनच घ्यावा.

सायकलच्या बुटांना तळाशी क्लीट असते. ते घालून चालताना टक् टक् आवाज होतो आणि लहान मुलं मागे येतात. त्रास फार वेळ नाही, कारण बूट पुढे काढायचेच आहेत. रोड की ग्रॅव्हल या वादाचा निकाल इथे लागतो : हजारोंची सायकल भिंतीला, हजारोंचे बूट कप्प्यात, आणि तुम्ही तापलेल्या फरशीवर अनवाणी. या पृष्ठभागासाठी योग्य टायर अजून कुठल्याही कंपनीने काढलेला नाही. टाचांवर चालावं, सावली बघून थांबावं, पुढे माणूस असेल तर त्याच्या सावलीत चालावं.

आवारात सिद्धरामेश्वरांची योगसमाधी आहे. ती बघून पाण्याच्या कडेला यावं. पलीकडे भुईकोट किल्ल्याचा तट दिसतो. १८१८ साली इंग्रजांनी तो पेशव्यांकडून घेतला. किल्ला भुईवर, देऊळ पाण्यात, म्हणजे चढ इथेही नाही. मोबाइलवरचं सायकलचं अ‍ॅप बेटावरचं अंतर शून्य दाखवेल. ते बरोबर आहे.

पायरी ६ : धीर चेपल्यावर

तुळजापूर रस्त्याला हिप्परग्याचा एकरुख तलाव, १८७१ सालचा. पहिल्या लांब फेरीला पुरेसा. दुसरी फेरी नान्नजची. माळढोकासाठी १९७९ साली इथे अभयारण्य झालं. काळवीट दिसतील, माळढोक दिसला तर सायकल सोडून वन खात्याला कळवावं, तेही तुमच्याइतकेच चकित होतील. तिसरा मार्ग हत्तरसंग कुडलचा. तिथे भीमा-सीनेचा संगम, शके ९४० चा मराठी शिलालेख आणि ३५९ मुखं कोरलेलं शिवलिंग आहे. नदीपलीकडे कर्नाटक. पंक्चर अलीकडेच काढून घ्यावं.

शंकासमाधान

*हेल्मेट घातल्यावर ओळखीचे लोक हसतात. काय करावं?*
काढू नये. हेल्मेटमध्ये ओळख पटत नाही, हाच त्याचा दुसरा उपयोग.

*गड्ड्याच्या दिवशी बेटावर सायकल नेता येईल का?*
त्या दिवशी स्वतःचे दोन पाय नेता आले तरी पुष्कळ.

*गटाने जावं की एकट्याने?*
गटाने जावं, म्हणजे पंक्चर निघेपर्यंत चहाला सोबत मिळते. सोबतीत निदान एकजण कन्नड जाणणारा आणि एक तेलुगू जाणणारा असावा. पत्ता लवकर सापडतो.

*एवढं करून सायकल विकायची झाली तर?*
संक्रांतीच्या आधी विकावी. घेणारा स्टँड, मडगार्ड आणि कॅरिअर बसवून मागेल. मुकाट्याने बसवून द्यावं आणि जमल्यास एक चक्कर मारून बघावी. मग बहुतेक विकावीशी वाटणार नाही.