नाक खाजवलं म्हणून

खोटं बोलणारा आपल्याला ओळखता येत नाही, असं प्रांजळपणे कबूल करणारा माणूस अजून माझ्या पाहण्यात नाही. "मी नुसता चेहरा बघून सांगतो" हे वाक्य चहाच्या टपरीवर, सोसायटीच्या सभेत आणि लग्नं जुळवणाऱ्या मावशींच्या तोंडी सारख्याच ठामपणे ऐकू येतं. प्रत्येकाची खूण मात्र वेगळी. कुणी म्हणतं, खोटं बोलणारा नाक खाजवतो. कुणाचा भर पापण्यांवर, कुणाचा पायाच्या अंगठ्यावर. मावशी तर मुलीकडच्यांनी वय सांगितलं की मुलीकडे बघतच नाहीत, तिच्या आईच्या हातातल्या पदराच्या टोकाकडे बघतात. ज्याला सर्दी झाली आहे, ज्याच्या डोळ्यांत कचरा गेला आहे किंवा ज्याला नवी चप्पल चावते आहे, त्या बिचाऱ्यानं अशा मंडळींसमोर खरं बोलण्याची जोखीम घेऊ नये.

या सगळ्या खुणांत पहिला मान नजरेचा. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत 58 देशांतल्या लोकांना विचारलं होतं, माणूस खोटं बोलतोय हे तुम्ही कशावरून ओळखता? सर्वांत जास्त मिळालेलं उत्तर एकच: तो डोळ्याला डोळा देत नाही. भाषा, धर्म, जेवणखाण यांत कशातच न जुळणारी माणसं या एका बाबतीत एकमतानं बोलली. अडचण इतकीच, की प्रत्यक्ष अभ्यासात नजर चुकवणं आणि खोटं बोलणं यांचं काही नातं सापडत नाही. आणि आपल्याकडे तर या परीक्षेत मुलांनी उत्तीर्ण व्हावं कसं, हाच प्रश्न आहे. वडील रागावत असताना मूल त्यांच्याकडे बघत राहिलं, तर "डोळे वर करून काय बघतोस? खाली बघ!" त्यानं मान खाली घातली, की पुढचा हुकूम: "माझ्या डोळ्यांत बघून सांग, बरणी कुणी फोडली?" एवढ्या कसरतीनंतर त्याचा आवाज कापला, की गुन्हा शाबीत.

अंगावरून आतलं ओळखण्याची ही हौस आजची नाही. याज्ञवल्क्यस्मृतीत लबाड साक्षीदाराची लक्षणं दिली आहेत. तो एका जागी ठरत नाही, ओठांचे कोपरे चाटतो, त्याच्या कपाळाला घाम येतो, चेहऱ्याचा रंग उतरतो, तोंड सुकून शब्द अडखळतात. आजच्या कुठल्याही व्यक्तिमत्त्व विकास शिबिरात ही यादी पडद्यावर दाखवली, तर ती काल अमेरिकेतून आली असं लोक खुशाल मानतील. त्या काळी तोंडाला कोरड पडली की नाही हे तपासायची जणू प्रात्यक्षिकंही होती. धर्मशास्त्रातल्या दिव्यांमध्ये तांदळाचं एक दिव्य आहे. संशयितानं तांदूळ चावून पिंपळाच्या पानावर थुंकायचे. त्यात रक्त दिसलं तर तो दोषी. हिरड्या दुखऱ्या असणाऱ्यांचं काय होत असेल, हे मला विचारू नका.

पण या स्मृतीवर 'मिताक्षरा' ही टीका लिहिणारा विज्ञानेश्वर फार शहाणा माणूस होता. कल्याणीच्या चालुक्य विक्रमादित्याच्या राज्यातला, म्हणजे जवळजवळ नऊशे वर्षांपूर्वीचा. या लक्षणांपाशी येऊन तो वाचकाला सावध करतो: यांवरून दोषाची नुसती शक्यता समजावी, निश्चय करू नये. कारण मुळातला स्वभाव कोणता आणि प्रसंगानं झालेला बदल कोणता, हे वेगळं करणं कठीण. एखाद्याला मुळातच घाम फार येतो. एखादा जन्मापासून अडखळत बोलतो. एवढं म्हणून विज्ञानेश्वर पुढच्या श्लोकाकडे वळला, आणि आपण मात्र अजून घामापाशीच थांबलो आहोत.

मानसशास्त्रज्ञांनी अलीकडे हेच आकड्यांत मांडलं. चार्ल्स बॉन्ड आणि बेला डीपॉलो या दोघांनी 2006 साली आधीच्या शेकडो प्रयोगांचा एकत्र हिशेब केला. चोवीस हजारांहून अधिक माणसांनी खरं-खोटं ओळखायचा प्रयत्न केला होता. सरासरी यश 100 पैकी 54. नाणं उडवून सांगितलं असतं तर 50 मिळाले असते. म्हणजे आयुष्यभर टक्केटोणपे खाऊन, दुनिया बघून, केस उन्हात पांढरे न करता आपण कमावलेले वरचे गुण चार. चोर पकडणं हाच ज्यांचा धंदा, त्यांचे निकालही याहून फारसे वेगळे लागलेले नाहीत. अनुभवानं त्यांची खात्री तेवढी वाढते.

यामागचं कारण साधं आहे. खोट्याला अंगावर स्वतःची अशी खूण नाही. अंगावर उमटते ती भीती, आणि भीती खऱ्या माणसालाही वाटते. लोकलच्या डब्यात टीसी चढला की बघा. पास खिशात आहे, त्याची मुदत उरली आहे, तरी सज्जन गृहस्थाचा हात आधी चुकीच्या खिशात जातो. मग पाकीट, मग बॅग, मग कपाळावर घाम. आणि ज्यानं गेल्या वर्षात तिकीट काढलेलं नाही, तो खिडकीशी शांतपणे शेंगा खात बसलेला असतो. सराव त्याला आहे, गृहस्थाला नाही.

खऱ्या माणसाच्या घाबरण्याला खोटेपणा समजण्याच्या या चुकीला पॉल एकमन या मानसशास्त्रज्ञानं ऑथेल्लोचं नाव दिलं. 'ऑथेल्लो'चंच मराठी रूप असलेलं देवलांचं 'झुंझारराव' हे नाटक ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ती समजावून सांगायला नको. बायको रडते आहे ती नवरा आपलं ऐकत नाही म्हणून, आणि नवऱ्याला त्या आसवांत पापाची कबुली दिसते. तो तिच्या चेहऱ्याकडे टक लावून बघतो आहे, सगळं नीट टिपतो आहे, आणि अर्थ मात्र आपल्या मनातलाच काढतो आहे.

माणसाला जमलं नाही ते यंत्राला जमेल, ही आशा होतीच. 1921 साली कॅलिफोर्नियातल्या बर्कली पोलिसांत असलेल्या जॉन लार्सननं रक्तदाब आणि श्वास एकदम नोंदवणारं यंत्र उभं केलं. त्याच्या आधी रक्तदाबावरून खोटं पकडण्याचा खटाटोप विल्यम मार्स्टननं केला होता. या मार्स्टननंच पुढे 1941 मध्ये 'वंडर वुमन' ही चित्रकथेतली नायिका जन्माला घातली आणि तिच्या हाती एक फास दिला, ज्यात सापडलेल्याला खरंच बोलावं लागतं. प्रयोगशाळेत राहिलेली कसर माणसं अशी कथेत भरून काढतात. खरं यंत्र छातीची धडधड मोजतं. ती कशापायी, हे त्याला सांगता येत नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयानं 2010 साली सेल्वी खटल्यात संमतीवाचून अशी चाचणी करायला मनाई केली.

मग खोटं पकडलं जातच नाही का? जातं की. आमच्याकडच्या आज्या रोज पकडतात, आणि तेही तांदूळ निवडता निवडता, नातवाकडे मान वर करूनही न बघता.

"कुठे होतास रे?"

"मित्राकडे. अभ्यासाला."

"बरं. त्याची आई आली का गावाहून?"

"...हो. आली."

"काय केलंन जेवायला? आणि लाइट गेली होती ना तिकडे संध्याकाळी, मग वाचलंत कसं रे?"

नातवानं गोष्ट रचली होती ती अभ्यासाची. भाजीची आणि लाइटची तयारी केलेली नव्हती. आल्डर्ट व्रेय हे या विषयातले मोठे अभ्यासक हेच शिकवतात: चेहरा बघत बसू नका, ज्याची अपेक्षा नाही ते विचारा, घडलेलं उलट्या क्रमानं सांगायला लावा. बॉन्ड आणि डीपॉलोंच्या हिशेबातही आवाज न ऐकता नुसतं बघणाऱ्यांपेक्षा ऐकणारे सरस ठरले. फोनवर "निघालोच, पोचतो पाच मिनिटांत" म्हणणाऱ्याचं नाक आपल्याला कुठे दिसतं? मागे त्याच्या घरच्या कुकरची शिट्टी ऐकू येते, तेवढी पुरते.

तरीही अंग वाचणारा एक खरा तज्ज्ञ मी मानतो: पंक्तीतला वाढपी. "नको, नको, आता एक घास जायचा नाही" असं पानावर बसलेले सगळेच म्हणतात आणि सगळेच पानावर हात आडवा धरतात. वाढपी शब्दांकडे लक्ष देत नाही. हात पानाला टेकलाय की वीतभर वर आहे, बोटं मिटलेली आहेत की त्यांतून जिलबी सहज जाईल एवढी फट आहे, "नको" म्हणताना नजर ताटलीवर रेंगाळते का, हे तो चालता चालता बघतो आणि निकाल देतो. खोटं ठरलेल्याला शिक्षा म्हणजे आणखी एक जिलबी.

तोही चुकत असणार. त्यालाही शंभरातले चौपन्नच मिळत असतील. पण त्याचा अंदाज चुकला तर पानात एक जिलबी उरते. झुंझाररावाचा चुकला तर बाई जिवानिशी जाते. म्हणून माणसाची पारख करायची हौस ज्यांना आवरत नाही, त्यांनी चौकश्या करण्याऐवजी पंक्तीत वाढायला उभं राहावं.