काय्येक करूक नाय

तारकर्लीच्या रस्त्यावर निवास-न्याहारी चालवणारे आमचे भाई हे कधीही काहीही न करणारे गृहस्थ आहेत. पंपाची मोटर जळते, इन्व्हर्टर बोंबलतो, फाटक बिजागरीतून निखळते. भाई नेमके तिथेच उभे असतात, हातात स्क्रूड्रायव्हर असतो आणि तोंडी एकच वाक्य, "मी काय्येक करूक नाय." मग कोणी केले म्हणून विचारले की समुद्राकडे हात करतात. "खाऱ्या हवेन खाल्ल्यान."

खारी हवा मालवणात पुष्कळ काही खाते, हे खरे. पण ऐन दिवाळीच्या गर्दीत भाईंचा कॉम्प्युटर अडला, त्यात तिचा हात नव्हता.

पैसे वाचतात म्हणून भाई लिनक्स वापरतात. पाहुण्यांचे स्कूबाचे व्हिडिओ ठेवायला त्यांनी यूएसबीची हार्डडिस्क घेतली आणि 'एफएसटॅब' फाइलीत स्वहस्ते एक ओळ घातली: सुरू होताना 'एसडीबी-१' ही डिस्क व्हिडिओच्या फोल्डरला जोडावी. (ही ओळही त्यांनी घातलेली नाही. ती "आदीपासून होती".) त्या सकाळी पडदा ९० सेकंद थांबला आणि 'इमर्जन्सी मोड' दाखवून गप्प बसला.

भरडावरचा दुरुस्तीवाला पोरगा आला.

"भाई, नवीन काय लावलात?"

"काय्येक नाय."

"मगे ह्या काय?"

"ता कार्डरीडर. ता लावूक नाय, नुसता खुपसून ठेवलंय."

लिनक्स डिस्कला नाव देते ते ती सापडेल त्या क्रमाने. बंदरात आधी लागली ती पहिली होडी, मागून आली ती दुसरी. मालक कोण, हे विचारायचेच नाही. कार्डरीडर आधी लागला आणि 'एसडीबी' होऊन बसला, डिस्क सरकून 'एसडीसी' झाली. रीडरात कार्डच नव्हते, तेव्हा 'एसडीबी-१' मिळणार कुठून?

पोराने 'बीएलकेआयडी' चालवून डिस्कचा यूयूआयडी काढला. हा ओळखक्रमांक फाइल सिस्टीममध्येच लिहिलेला असतो. डिस्क कुठल्याही भोकात खुपसा, तो बदलत नाही. ओळीत नावाऐवजी तो घातला, डिस्क नसली तरी मशीन अडू नये म्हणून पुढे 'नोफेल' जोडले आणि रीस्टार्ट करण्याआधी 'माउंट -ए' देऊन तपासून घेतले. शहाणा पोरगा. एवढा लांबलचक आकडा भाईंना मात्र रुचला नाही. "आदीचा एचडीए बरा होता," म्हणाले. तोही कुठे टिकला? २००७ साली लिनक्सची फेडोरा ७ आली आणि जुन्या आयडीई डिस्कांचेही 'एचडीए'चे 'एसडीए' झाले.

पावसाळ्यात धंदा बंद, भाई मोकळे. एक दिवस पोराला फोन गेला. मशीन सुरू होते, पण व्हिडिओचा फोल्डर रिकामा दिसतो.

"डिस्क फॉरमॅट केलात काय?"

"मी काय्येक करूक नाय. नुसती पुसून घेतलंय."

फॉरमॅट केले की यूयूआयडी नवा होतो. जुने व्हिडिओ तर गेलेच. तेव्हा वाचकहो, तुमच्या घरी असे भाई असतील तर काय केलेत म्हणून विचारू नका. काय खुपसलेत आणि काय पुसलेत, एवढेच विचारा.