घार आहे, सोडा!

बापूसाहेब तुमच्याही गल्लीत असणारच. नाव निराळं असेल, एवढंच. माणूस निवृत्त होतो, पेन्शन बरी असते, गुडघे अजून शाबूत असतात आणि त्याच सुमाराला कोणीतरी त्याच्या हातात कॅमेरा देतं. पुढे तो माणसांकडे बघेनासा होतो. बोलताना त्याची नजर तुमच्या डोक्याच्या वीतभर वर असते. तुम्ही मुलाच्या मुंजीचं आमंत्रण देत असता आणि तो तुमचा खांदा घट्ट धरून कुजबुजतो, "हलू नका!" तुम्ही हलत नाही. तुमच्या मागच्या झाडावरचं काहीतरी उडून जातं. मग दोष तुमचा.

आमचे बापूसाहेब ग्वाल्हेरच्या एजी ऑफिसातून निवृत्त झाले. उभा जन्म ऑडिटमध्ये गेल्यामुळे समोर येईल ते आधी नामंजूर करायचं, ही खोड अंगात भिनलेली. शहराच्या लष्कर भागातली आम्ही काही मराठी मंडळी रोज सकाळी फूलबागेत फिरायला जातो. तिथे बघायला काय कमी आहे? राणी लक्ष्मीबाईची समाधी आहे, तिथे उभं राहिलं की मराठी माणसाला भा. रा. तांबे आठवतातच. गोपाळ मंदिर, मोती मशीद आणि गुरुद्वारा एकाच बागेच्या आसऱ्याला आहेत. 1922 सालचं प्राणिसंग्रहालय आहे, त्यात पांढरे वाघ आहेत. बापूसाहेबांना यातलं काही दिसत नाही. त्यांना फक्त आकाश दिसतं, आणि फूलबागेच्या आकाशात घारीच घारी असतात.

"बापूसाहेब, ते बघा, केवढा पक्षी!"

ते मान वर करत नाहीत. "घार आहे, सोडा."

"आणि तो? त्या मोबाइल टॉवरवरचा?"

"तीही घार. सोडा."

यातली मेख अशी, की रोज सकाळी ते घारींचेच फोटो काढतात. उडत्या पक्ष्यामागे लेन्स फिरवायला हात बसावा लागतो. शटर दोन हजाराच्या वर, कोपर बरगडीला टेकलेलं, श्वास रोखलेला. ग्वाल्हेर घराण्याच्या गवयाने पलटे घोटावेत तशा बापूसाहेब घारी घोटतात. मग बाकावर बसून गजकाचा तुकडा तोंडात टाकतात आणि कार्ड पुसून टाकतात. एकदा मी म्हटलं, "हा एक ठेवा की. पिसन् पीस आलंय." त्यांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. "ठेवून काय करू? घार आहे."

फूलबागेतला हा शेरा हळूहळू शहरभर फिरू लागला. तानसेन समारोहात एका तरुण गायकाने द्रुत लयीत ताना घेतल्या, मंडपाने मान डोलावली, बापूसाहेब माझ्या कानाशी म्हणाले, "घार आहे, सोडा." निवडणुकीचा उमेदवार हात जोडून दारात आला. तो फाटकाबाहेर पडायच्या आत निकाल लागला होता. डॉक्टर बदलला, नवा डॉक्टर घार निघाला. मुलीसाठी पुण्यातल्या कंपनीतला मुलगा सांगून आला तेव्हा वहिनींनी फोटो पुढे केला. बापूसाहेबांनी तो उजेडात धरला, कोन बदलून पाहिला आणि परत दिला: "घार आहे, सोडा." मुलीने सोडला नाही. त्याच जावयाने पुढे सासऱ्यांच्या वाढदिवसाला सहाशे मिलिमीटरची लेन्स पाठवली. त्या दिवसापासून त्याची बढती झाली. "शिकरा म्हणायला हरकत नाही," असं बापूसाहेब म्हणतात.

माझ्याबद्दल त्यांचं मत मी विचारलेलं नाही. इतकी वर्षं आम्ही बरोबर फिरतो आणि त्यांनी माझा एकही फोटो काढलेला नाही. समजायचं ते मी समजलो.

मग गेल्या हिवाळ्यात त्यांनी पहाडाची सहल काढली. नैनितालच्या वर पंधराएक किलोमीटरवर पंगोट नावाचं गाव आहे. ओक आणि ऱ्होडोडेंड्रॉनच्या जंगलातून रस्ता जातो आणि दरीच्या तोंडाशी उभं राहिलं की गिधाडं, गरुड डोळ्यांच्या पातळीवरून तरंगत जातात म्हणे. दिल्लीला गाडी बदलून आम्ही काठगोदामला उतरलो. बापूसाहेब, वहिनी, मी, आमची ही, आणि पुतण्याचं कुटुंब. पुतण्याचा मुलगा ओम पाचवीत आहे, त्याला सोडून येणं शक्य नव्हतं. निघण्याआधी बापूसाहेबांनी सगळ्यांच्या बॅगा तपासल्या. वहिनींची गुलाबी शाल नामंजूर. वेफर्सची पाकिटं नामंजूर, कारण ती वाजतात. माझा खोकलाही नामंजूर झाला होता, पण तो मी बरोबर नेला.

पहिल्या रात्री जेवणाच्या टेबलावर त्यांनी दाढीवाल्या गिधाडावर व्याख्यान दिलं. याला लॅमरगायर म्हणतात. पंखांचा पसारा नऊ फुटांपर्यंत. बाकीची गिधाडं मांस खाऊन गेली की हा येतो आणि हाडं खातो. हाड मोठं असेल तर उंच नेऊन खडकावर टाकतो, फोडतो आणि आतल्या मगजासकट गिळतो. लोहाच्या तांबूस चिखलात लोळून छातीची पिसं केशरी रंगवतो. ताटात चिकन होतं. सगळ्यांच्या हातातली हाडं जागच्या जागी थांबली. ओमने मात्र विचारलं, "आजोबा, तो घारीपेक्षा वेगळा कसा ओळखायचा?" प्रश्न आवडला. घारीच्या शेपटीला मध्ये खाच असते, याचं शेपूट टोकाला निमुळतं होत जातं, असं बापूसाहेबांनी रुमालावर काढून दाखवलं.

दुसऱ्या दिवशी धुकं. ट्रायपॉड उभा, बापूसाहेब उभे, आणि आम्ही मागच्या दगडांवर गारठून बसलेले, न हलता. अकराच्या सुमाराला ऊन पडलं, दरीतली हवा तापून वर चढू लागली. पंख न हलवता तरंगायला मोठ्या पक्ष्यांना असलीच हवा लागते. नेमके तेव्हा बापूसाहेब खाली वाकून बॅटरी बदलत होते.

"आजोबा! वर बघा!"

"घार आहे, सोडा."

"पण आजोबा, खूपच मोठी आहे..."

"थंडीत घारी मोठ्या दिसतात."

ओमने आईचा मोबाइल हिसकावला आणि दोन-तीनदा टिचकी मारली. संध्याकाळी शेकोटीशी त्याने फोटो मोठा करून गाइडला दाखवला. अंधुकच होता, पण शेपूट टोकाला निमुळतं होतं. गाइड पहाडी माणूस, खोटं बोलायची कला त्याला नव्हती. म्हणाला, "लॅमरगायर है सर. आपके सर के ऊपर से गया."

बापूसाहेब त्या रात्री जेवले नाहीत. वहिनी म्हणाल्या, "हाडं वाढली असती तर जेवले असते."

इथे हे व्यक्तिचित्र संपवलं असतं तर मलाही बरं वाटलं असतं. बापूसाहेबांनी लोकांना जो त्रास दिला आहे, त्या मानाने शिक्षा योग्यच होती. पण परतल्यावर एकदा त्यांच्या घरी गेलो, तर दिवाणावर जुने अल्बम पसरलेले. 1980 च्या दशकातले फोटो, रंग उडालेले. मुलीचा वाढदिवस, वहिनींचं माहेर, कोणाकोणाची लग्नं. आणि प्रत्येक समारंभाच्या शेवटी एकदोन गिधाडं.

छत्तीसचा रोल असायचा. शेवटची दोन-तीन चित्रं उरली की रोल धुवायला देता येत नसे. मग बापूसाहेब स्कूटर काढून शहराबाहेर, मेलेली गुरं टाकायच्या जागी जायचे आणि उरलेलं संपवायचे. झाडं गिधाडांनी वाकलेली. फोटोच्या मागे निळ्या शाईत: "रोल संपवण्यासाठी." ऑडिटची खोड म्हणून खाली तारीख, वेळ, झाडाचं नाव आणि मोजून लिहिलेली संख्या.

"तेव्हा त्यांचं कोणाला काय होतं?" बापूसाहेब म्हणाले. "मलाही नव्हतं."

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. गुरांना दुखण्यावर डायक्लोफिनॅक टोचायचे, ते जनावर मेलं की त्याचं मांस खाऊन गिधाडांची मूत्रपिंडं निकामी व्हायची. कारण हाती लागायला 2004 साल उजाडलं, जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली 2006 साली. तोवर पांढऱ्या पाठीची गिधाडं हजारात एक उरली होती. आज ग्वाल्हेरकराला लांब चोचीची गिधाडं नीट बघायची असली, तर तो ओरछ्याच्या छत्र्यांपर्यंत जातो. ज्यांच्यावर बापूसाहेबांनी उरलेला रोल उधळला, त्यांच्याच भाऊबंदांसाठी ते आता नैनितालची तिकिटं काढतात.

या सगळ्याने ते सुधारले असतील, असं वाटत असेल तर तुम्ही बापूसाहेबांना ओळखतच नाही. फूलबागेत अजून "घार आहे, सोडा" ऐकू येतं, कार्डही पुसलं जातं. फक्त पुसण्याआधी ते घारी मोजतात आणि तारखेसह वहीत टिपतात. मी कारण विचारलं, तर म्हणाले, "ऑडिट."

तेव्हा एक विनंती. घरी जुने अल्बम असतील तर काढा. मुंजीचे, सहलींचे, शेताच्या बांधावर काढलेले. माणसं सोडा, त्यांच्या मागची झाडं बघा. फांदीवर मान आत ओढून बसलेलं काही दिसलं, तर फोटोच्या मागे गाव आणि साल लिहून ठेवा. घरातल्या म्हाताऱ्यांना ते अजून आठवतंय, तोवर विचारून घ्या.